१९७३ ची सीजे थ्रीबी जीप, पेट्रोल, एकाच घरातली. घ्यावं का सोडावं?

पराटीवाला:

राम राम मंडळी, लय दिवसापासून इथं नुसतं वाचून राहिलो, लिहायची पहिलीच वेळ आहे, चुकलंमाकलं तं समजून घ्या.

मी घाटंजीकडचा, बारा एकर वावर, कापूस तूर सोयाबीन. माह्या मावसभावाच्या सासरकडून एक ओळख निघाली, आर्णीकडं आतमधल्या एका गावात देशमुखांचा वाडा आहे अन् त्याच्या कोठ्यात एक जीप उभी आहे. महिंद्राची सीजे थ्रीबी, पेट्रोल, फोर बाय फोर, आरसीच्या पुस्तकावर १९७३ लिहिलेलं. देशमुख काकांच्या बाबांनी नवी कोरी घेतली होती अन् तेव्हापासून त्याच घरी. बाबाजी २०११ मध्ये वारले, मंग कोनी चालवलीच नाही. पण नुसती टाकून दिली असं नाही बरं का, चारी बाजूनं सागाच्या ठोकळ्यावर चढवून ठेवली, टायर जमिनीले टेकतच नाही, वरून ताडपत्री, अन् त्याच कोठ्यात दुसऱ्या बाजूले ढोरं बांधून राहतात. ताडपत्री काढली तं खरं सांगतो, मी दोन मिनिट बोललोच नाही. रंग ओरिजनल, तो जुना करडा हिरवा, कुठं कुठं पुसट झाला पण पोपडा नाही. समोरची सात खाचांची जाळी सरळ, एक बी खाच वाकडी नाही. काकांनी ड्रायव्हरची सीट उचलून दाखवली, खाली पेट्रोलची टाकी, अन् टाकीच्या बाजूले एक तुराटी खोचलेली, तिच्यावर चाकूनं खाचा पाडलेल्या. म्हणे काटा १९८० मध्येच बंद पडला, तेव्हापासून बाबा तुराटी बुडवूनच पेट्रोल पाहत होते, एक खाच म्हणजे पाच लिटर.

आता सांगा. काका साडेचार लाख म्हणून राहिले. म्हणतात पन्नास वर्षं झाली, आता ही "विंटेज" आहे, सरकार वेगळा नंबर देते, उद्या दुप्पट भाव येईन. मले भावाचं एवढं नाही, माह्या वावराची पांदण आषाढ लागला का दोन महिने बंदच असते, ट्रॅक्टर तेवढा जाते, मोटरसायकल नाही जात. वाटते जीप असली तं खताचे पोते, फवारणीचा पंप, वेचणीच्या बाया, सगळं नेता येईन. घरच्याइले अजून सांगितलं नाही. फोटो टाकले आहेत, बोला.


मिस्त्रीचा पोरगा:

भाऊ फोटो पाहिले. जाळी अन् विंडशिल्डची फ्रेम पाहून तरी गाडी खरी वाटते, जोडतोड नाही वाटत. आमच्या बाबांनी वर्ध्याले चाळीस वर्षं ह्याच गाड्या उघडल्या म्हणून सांगतो.

पयली गोष्ट, इंजिन तेच आहे का पाहा. ह्या गाडीत अमेरिकेच्या विलीज कंपनीचं एफ-हेड हरिकेन इंजिन येते, २१९९ सीसी. इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमधी अन् एक्झॉस्टचे खाली ब्लॉकात, अशी उलटीसुलटी बनावट आहे, त्याच्यानंच इंजिन उंच झालं अन् कंपनीले बॉनेट वर उचलावं लागलं. म्हणून थ्रीबीचं कपाळ असं उंच दिसते. अमेरिकेत ही गाडी १९५३ ले निघाली अन् १९६८ ले बंद झाली, आपल्याकडं महिंद्रानं त्याच्यानंतर बी कितीतरी वर्षं बनवली. पण पुढं डिझेल स्वस्त म्हणून गावोगावच्या गॅरेजवाल्यांनी पेट्रोल इंजिन काढून जे भेटलं ते डिझेल बसवलं, अन् आरसीवर चढवलं कोनीच नाही. तुमची पेट्रोलवरच आहे म्हणता तं लय चांगलं, तरी इंजिन नंबर आरसीसोबत पडताळा. तो समोरच्या अंगाले, पाण्याच्या पंपाच्या मागं ब्लॉकवर कोरलेला असते, वायर ब्रशनं घासा तं दिसन. चेसिसचा नंबर बी पाहा, नुसती पत्र्याची पट्टी पाहून खूश होऊ नका.

दुसरी गोष्ट, सेल मारू नका!!! चौदा पंधरा वर्षं उभी असलेल्या गाडीले बॅटरी लावून सेल मारणारे लय हुशार पाहिले मी. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी समोरून हँडल लावून हातानं फिरवा. फिरलं तं जीव आहे. नाही फिरलं तं पिस्टनच्या रिंगा धरल्या, मंग साडेचारच्या जागी तीनवर बोलणं करा.

तिसरी, फोर बाय फोर खरंच लागते का. गिअरच्या बाजूले दोन दांडे असतीन, एक समोरचा एक्सल लावायचा, दुसरा हाय अन् लो गिअरचा. तुमची गाडी ठोकळ्यावर आहे तं समोरचं एक चाक जमिनीवर उतरवा, दुसरं हवेत राहू द्या. फोर व्हीलचा दांडा टाका, पयला गिअर टाका अन् हवेतलं चाक हातानं फिरवून पाहा. नाही फिरलं तं सगळं जुळलेलं आहे. भिंगरीसारखं फिरलं तं कुठंतरी तुटलेलं आहे.

किंग पिन, स्टेअरिंगचा प्ले हे तं कोनी बी सांगन, त्याच्यात टाइम नाही घालवत.


तुराटी एक्सप्रेस:

पराटीवाले भाऊ, बारा एकरले साडेचार लाखाचं जिपडं 😂 एवढ्यात पांदणीवर मुरूम टाकून होईन अन् वरून सरपंचाले चहा पाजायले पैसे उरतीन. ट्रॅक्टर जाते म्हणता ना, मंग ट्रॉलीत बसवा बायांइले. सात-आठचा ॲव्हरेज देते ही गाडी, तो बी देव पावला तं. खरं बोला, आवडली म्हणून घेऊन राहिले, पांदणीचं नाव कायले सांगता.


पराटीवाला:

@तुराटी एक्सप्रेस हाव ना बाप्पा, आवडली. पण बायकोले सांगायले पांदणच बरी.


आर्वीची ताई:

मी स्वतः ओलिताचं वावर करते आणि दहा वर्षांपासून जुनी जीप वापरते, पण माझी एमएम ५४० आहे, प्यूजोच्या डिझेल इंजिनवाली. त्यामुळे पांदणीबद्दल दोन शब्द, कारण इथे पुरुष मंडळी इंजिनाच्या पुढे जात नाहीत.

काळ्या मातीत फोर बाय फोर म्हणजे जादू नाही. आपली माती ओली झाली की टायरच्या नक्षीत भरते आणि दहा फुटांत टायर गुळगुळीत चेंडू होतो, मग दोन चाकं फिरली काय आणि चार फिरली काय, गाडी आहे तिथेच घसरते. ज्या पांदणीत खाली मुरूम आहे तिथे थ्रीबीचे अरुंद सोळा इंची टायर चिखल कापून खालच्या कडक थराला लागतात आणि गाडी निघते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जिथे खाली मुरूमच नाही, नुसती चार हात काळी, तिथे ट्रॅक्टरच पाहिजे. म्हणून भाऊ, आधी तुमच्या पांदणीत कुदळ मारून पाहा खाली काय लागतं ते. लोक दिसायला रुबाबदार म्हणून रुंद टायर टाकतात, ते आपल्या मातीत तरंगतात आणि फसतात, तो मोह करू नका. आणि चारही टायर एकाच मापाचे, एकसारखे झिजलेले पाहिजेत. या गाडीत मधे डिफरन्शियल नसतं, पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना घट्ट बांधला जातो, म्हणून डांबरी रस्त्यावर फोर व्हीलचा दांडा टाकून वळायचं नाही, सगळा ताण गिअरांवर येतो. चिखलात किंवा सुट्या मातीत टाका, बाहेर आलात की काढा.

गाडी एवढी चांगली का राहिली असेल तर एक कारण आपली हवा. कोकणात असती तर सीटखालचा पत्रा आणि फरशीच्या खालचे पट्टे कधीच गेले असते. आपल्याकडे उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्री, त्यात लोखंड टिकतं पण रबर मरतं. सगळे होज, ब्रेकचे वॉशर, वायरिंग बदलायचंच समजून हिशोब करा. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला खातं, इंजिनाच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची गास्केटं पहिल्या वर्षातच जातात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, गाडी महिनामहिना उभी राहणार असेल तर टाकी आतून गंजते. आणि ती टाकी तुमच्या बुडाखाली आहे, हे विसरू नका. कोठ्यात ढोरं बांधतात म्हणता म्हणजे कडबा-कुटार आलं, म्हणजे उंदीर आले. डॅशबोर्डच्या मागे बॅटरी मारून बघा.


कागदवाला यवतमाळ:

सगळे लोखंडावर बोलले, मी कागदावर बोलतो कारण माझं अर्धं आयुष्य आरटीओच्या बाहेरच्या टपरीवर गेलं.

भाऊ पहिला प्रश्न, आरसी कोणाच्या नावावर आहे? वारलेल्या बाबाजींच्या नावावर असेल (आणि ९९ टक्के असेलच) तर काका गाडी विकूच शकत नाहीत, घरात असली तरी. आधी फॉर्म ३१, म्हणजे मालक वारल्यावर वारसाच्या नावावर चढवायचा अर्ज, त्याला मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि बाकी वारसांची संमती लागते. त्यानंतर फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे विक्रीचे, होतील तुमच्या नावावर. लोक काय करतात, कोऱ्या २९-३० वर मेलेल्या माणसाची सही "जुनीच आहे" म्हणून दाखवतात. मी एकदा असल्याच भानगडीत एका पाहुण्यासाठी आठ महिने खेटे मारले, गाडी दारात आणि नाव स्वर्गवासीचं. परत ते पाप नाही.

दुसरं, गाडीला जुना तीन अक्षरी नंबर असेल, एमएच-२९ वगैरे यायच्या आधीचा. सरकारच्या 'वाहन' साइटवर तो नंबर टाकून बघा, निघत नसेल तर बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून घ्यावी लागेल, त्यासाठी मूळ पुस्तक पाहिजे, झेरॉक्स चालत नाही. पुस्तक वाळवी लागायच्या आधी काकांच्या हातातून प्लास्टिकच्या पिशवीत जाऊ द्या.

तिसरं, पासिंग. खाजगी गाडीला पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी रिन्यूअल, गाडी दाखवून. २०११ पासून उभी म्हणजे पासिंग संपून जमाना झाला. ऑगस्ट २०२५ च्या नोटिफिकेशननी वीस वर्षांवरच्या कार-जीपची रिन्यूअल फी पाच हजाराची दहा हजार झाली आहे, वरून उशिराचा दंड, पर्यावरण कर, इन्शुरन्स, नवीन नंबर प्लेट. तोपर्यंत रस्त्यावर चालवत आणू नका, ट्रॉलीवर टाकून आणा.

आता ते विंटेज. काकांनी अर्धंच ऐकलंय. २०२१ च्या नियमात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, धंद्यात नसलेली, चेसिस-बॉडी-इंजिन मूळचं असलेली दुचाकी-चारचाकी "विंटेज" म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए अक्षरं येतात, फी वीस हजार, दहा वर्षं चालतं, पुढे पुन्हा नोंदणी करायची तर पाच हजार. इथपर्यंत गोड आहे. पण मग ती गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही! प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढ्यासाठीच. खताचे पोते आणि वेचणीच्या बाया त्यात बसत नाहीत. तुम्हाला वावरात न्यायची आहे तर साधंच पासिंग करा, आणि विंटेजच्या नावानं जास्तीचे पैसे देऊ नका, कारण ते विंटेज तुमच्या कामाचंच नाही.


जोंगा प्रेमी:

विषयाला सोडून थोडं, मी आर्मीच्या लिलावातली जोंगा घेतली होती, जबलपूरला बनायची ती, निसानच्या 'पॅट्रोल' नावाच्या गाडीवरून, सहा सिलेंडर, ३९५६ सीसी. नागपूर ते शिवनी गेलो आणि येताना दोस्ताला फोन केला पैसे पाठव म्हणून. तुमची थ्रीबी तिच्यापुढे गरीब गाय आहे, घेऊन टाका. पार्टसाठी नागपूर-जबलपूर दोन्हीकडे भंगारवाले धरून ठेवा.


पराटीवाला:

मंडळी, काल परत जाऊन आलो, आमच्या गावचा मेकॅनिक पोट्टा सोबत घेतला. सांगतो एकेक.

इंजिन नंबर घासून काढला, पुस्तकासोबत जुळला. चेसिस बी जुळला. प्लग काढून ऑइल काकांनी मी जायच्या आदल्या दिवशीच टाकून ठेवलं होतं (मी फोनवर सांगितलं होतं), हँडल लावलं, पयल्यांदा हाललंच नाही, पोट्ट्यानं पूर्ण अंग टाकलं तं "कर्रर्र" करून पाव फेरा, मंग हळूहळू मोकळं झालं. कोठ्यातल्या म्हशीनं बी मान वळवून पाहिलं.

मंग ते चाकाचं. एक उतरवलं, दुसरं हवेत, फोर व्हीलचा दांडा टाकला, गिअर टाकला, अन् चाक भिंगरीसारखं फिरलं!! माह्या पोटात गोळा. मिस्त्री भाऊचे शब्द आठवले, कुठंतरी तुटलेलं आहे. पोट्टा खाली घुसला अन् हासायलेच लागला. म्हणे भाऊ तुटलं काहीच नाही, समोरचा प्रोपेलर शाफ्टच नाही! दांडा हालते, आत गिअर लागते, पण तिथून एक्सलपर्यंत जायले काहीच नाही, नुसती मोकळी जागा.

काकाले विचारलं तं त्याइले माहीतच नाही. ते म्हणतात बाबा गेल्यावर कोनी हातच लावला नाही. आता मले समजत नाही, फोर बाय फोर म्हणून साडेचार लाख अन् समोरचा शाफ्टच गायब. सोडून देऊ का?


मिस्त्रीचा पोरगा:

थांबा थांबा, सोडू नका. हे चोरीचं काम नाही, हे जुन्या लोकाइचं डोकं आहे. लय मालक समोरचा शाफ्ट खोलून ठेवत, म्हणे गाडी हलकी पळते अन् पेट्रोल वाचते. किती वाचत होतं देव जाणे, पण आमच्या बाबांनी असे दहा-बारा तरी खोलून दिले असतीन. अन् खोललेली वस्तू त्या काळात कोनी भंगारात देत नव्हतं. माळ्यावर पाहा, धान्याच्या कोठीमागं पाहा. दोन्ही टोकाले क्रॉस असलेला, हातभर लांब लोखंडी नळा.


पराटीवाला:

मिस्त्री भाऊ तुमच्या तोंडात साखर!!! माळ्यावर भेटला. काकांच्या आईले विचारलं (आजी पंच्याऐंशीच्या वर आहे), तिनं जागेवरून बोट दाखवलं, "तो तुह्या बापाचा नळा का? उखळाच्या मागं." युरियाच्या पोत्यात गुंडाळलेला, वरून सुतळी, अन् आत पूर्ण ग्रीस लावलेलं, सुकून मेणासारखं झालेलं. नट-बोल्ट वेगळ्या पुडीत, पुडी म्हणजे जुन्या पंचांगाचं पान. एक बी बोल्ट कमी नाही.

पांदणीत कुदळ बी मारली ताई. दोन ठिकाणी मुरूम हातभर खाली लागला, नाल्याजवळ नाही लागला. म्हणजे नाल्याच्या अलीकडं थांबावं लागन.


आर्वीची ताई:

नाल्याच्या अलीकडे थांबणं उत्तम. नाल्यातून जीप काढायच्या गोष्टी पारावर चांगल्या वाटतात. भाऊ, पैसे?


पराटीवाला:

तीन साठवर आलं. कागदवाले दादांचं वाचून दाखवलं काकाले, व्हीए नंबरचं अन् रस्त्यावर न चालवायचं ऐकून ते स्वतःच म्हणाले मंग विंटेजचं राहू द्या. अकरा हजार इसार दिला, बाकी त्यांच्या नावावर गाडी चढल्यावर. आरसी बाबाजींच्याच नावावर निघाली, दादांनी म्हटलं तसं. वारस तिघं, काका, आजी, अन् नागपूरची आत्याबाई. आजीचा अंगठा झाला. आत्याबाई म्हणतात संमती देते, पण बाबांच्या गाडीत एकदा वाड्यापासून मारुतीच्या पारापर्यंत बसवून न्यायचं, मंगच सही. पोळ्याले येणार आहेत त्या. माणूस किती गोड बोलते पण अट पाहा. पोळ्यापर्यंत गाडी चालू होईन का?


कागदवाला यवतमाळ:

वाड्यापासून पारापर्यंत म्हणजे गावचा रस्ता आहे आणि पासिंग नाही, इन्शुरन्स नाही. मी हे वाचलंच नाही असं समजा.


मिस्त्रीचा पोरगा:

चालू होईन, कार्बोरेटर अन् पंप मोकळा केला तं आठ दिवसाचं काम. पण चारी ड्रम उघडा. जुन्या जीपचा मास्टर सिलेंडर एकाच सर्किटचा, एका चाकाचा वॉशर फुटला तं चारी चाकाचे ब्रेक जाते, अन् पंधरा वर्षं उभ्या गाडीचे वॉशर फुटणारच. पारावर पोळ्याच्या दिवशी अख्खं गाव बैल घेऊन उभं राहते. ब्रेक पयले कर भाऊ, मंग आत्याबाई.